आमच्या कार्यक्रमात बारातांग नाही

गणपती गेले की आमच्या ऑफिसातला फोन अंदमानसाठी वाजायला लागतो. नाताळच्या सुट्टीत इकडे सांगली-मिरजेत पहाटे स्वेटर शोधावा लागतो आणि तिकडे अंगावर ऊन घेत समुद्रात उतरता येतं. मुलांना शाळा नसते. आजोबांना सावरकरांची कोठडी बघायची असते, सुनेला स्कूबा करायचं असतं, नातवाला विमानात बसायचं असतं. तिघांचंही समाधान होईल असं दुसरं ठिकाण माझ्या माहितीत नाही. त्यामुळे आमच्या छोट्या टूरच्या व्यवसायात माझा सगळ्यात जास्त जीव अंदमानवर आहे. हिशेब नवरा बघतो, गट घेऊन मी जाते.

या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, बाकीच्यांच्या पॅकेजमध्ये बारातांग आहे, तुमच्यात दिसत नाही. तेवढं ॲड होईल का?" मी नाही म्हणते. का नाही, तेही सांगते. पण बुकिंगच्या घाईत फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बारातांग हे बेट पोर्ट ब्लेअरच्या उत्तरेला आहे. (पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झालं आहे, पण आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे.) तिथे चुनखडीच्या गुहा आहेत, खारफुटीतून जाणारी बोट आहे, बुडबुडे येणारा चिखलाचा एक छोटा ज्वालामुखी आहे. गुहा छान आहेत, खाडीतला बोटीचा प्रवास तर फारच सुंदर आहे. माझं भांडण बारातांगशी नाही, तिथे नेणाऱ्या रस्त्याशी आहे. अंदमान ट्रंक रोड जिरकाटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटच्या जेट्टीपर्यंत जवळजवळ पन्नास किलोमीटर जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो.

मी या रस्त्याने गेलेली आहे. तेव्हा दुसरीकडे नोकरी करत होते. पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमाराला सुटतो, म्हणून हॉटेलवर रात्री अडीच-तीनला उठवतात. पुठ्ठ्याच्या डब्यात ब्रेड, उकडलेलं अंडं आणि केळं देतात. जिरकाटांगला पोचेपर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते. टपऱ्यांवर चहा, वडे. ड्रायव्हर ओळखपत्रांच्या झेरॉक्स घेऊन चौकीवर जातो. मग सूचना होतात : काचा वर ठेवा, फोटो काढू नका, थांबू नका, ओव्हरटेक करू नका, कुणाला खायला देऊ नका. पुढे-मागे पोलिस आणि मध्ये गाड्या, असा ताफा निघतो.

त्यानंतर गाडीत जे होतं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. रात्रभर पेंगणारी माणसं ताठ बसली. गप्पा थांबल्या. सगळे एकाच बाजूच्या झाडीत बघायला लागले. मागच्या सीटवरचा एक मुलगा आईला दर पाच मिनिटांनी विचारत होता, "दिसले का? कधी दिसणार?" आणि ती त्याला समजावत होती, "येतील, येतील, शांत बस." ताडोबाच्या जिप्सीत वाघासाठी जी शांतता पसरते ना, अगदी तीच. एका वळणावर कडेला दोन बायका आणि कडेवर एक मूल दिसलं. गाड्यांचा वेग आपोआप कमी झाला. मूल घेतलेल्या बाईने त्याचं डोकं हाताने आपल्या खांद्यावर टेकवलं आणि ती झाडाकडे वळून उभी राहिली. समोरून गाड्यांची रांग निघाली होती आणि प्रत्येक गाडीतून माणसं तिच्याकडे बघत होती. परतीच्या वाटेवरही एकच चर्चा. तुम्हाला दिसले? आम्हाला तिघं दिसले. ज्यांना दिसले नाहीत, ते पैसे वाया गेल्यासारखे गप्प.

मागच्या सीटवरच्या त्या आईवर आणि त्या मुलावर माझा राग नाही. ती चांगली माणसं होती. त्यांना सहलीच्या पत्रकानेच तसं बघायला शिकवलं होतं.

जारवा आज काहीशेच आहेत. हे जंगल त्यांचं आहे. सरकारनेही १९५६ च्या नियमावलीने ते राखीव मानलं आहे. तिथे परवानगीशिवाय जाणं, त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे. रस्ता बांधला जात होता तेव्हा त्यांनी बाण मारून विरोध केला होता, पण रस्ता झालाच. पुढे १९९६ मध्ये कदमतला भागात पाय मोडलेला एक जारवा मुलगा गावकऱ्यांना सापडला. पोर्ट ब्लेअरच्या सरकारी रुग्णालयात काही महिने त्याच्यावर उपचार झाले, तो बरा होऊन परत गेला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस जारवा आपणहून, धनुष्यबाण न घेता, जंगलाबाहेर यायला लागले. दोन वर्षांत, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या घरात गोवर म्हणजे देवीची ओटी आणि आठवडाभर शाळा बुडणं. त्यांच्या शरीराला त्या रोगाची ओळखच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये या राखीव जंगलातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करायला सांगितलं. तो बंद झाला नाही. जानेवारी २०१२ मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राने चित्रफीत बाहेर काढली, तिच्यात जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला सांगितलं जात होतं. देशभर संताप झाला. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्यावर मनाई केली, मार्चमध्ये ती उठली आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या. दर वेळी वाद झाला, दर वेळी नियम थोडे कडक झाले, पण सीझनमध्ये जिरकाटांगची रांग काही हटली नाही.

मराठी माणसाला मला मुद्दाम एक गोष्ट सांगायची आहे. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झालं, पण काळ्या पाण्याची वसाहत त्याच्या कितीतरी आधीची. मार्च १८५८ मध्ये सत्तावन्नच्या बंडातल्या कैद्यांना घेऊन इंग्रज इथे उतरले. त्याच वर्षी दूधनाथ तिवारी नावाचा बंडातला शिपाई इतर कैद्यांबरोबर पळाला. बाकीचे मारले गेले. जखमी तिवारीला इथल्या मूळच्या ग्रेट अंदमानी लोकांनी ठेवून घेतलं, तो त्यांच्यात सुमारे वर्षभर राहिला, तिथेच त्याचं लग्नही झालं. मे १८५९ मध्ये हे लोक ॲबर्डीनच्या वसाहतीवर चालून जायला निघाले, तेव्हा तिवारी पुढे पळाला आणि त्याने इंग्रजांना खबर दिली. तोफा-बंदुका तयार होत्या. धनुष्यबाण घेतलेली माणसं हरली. तिवारीला माफी मिळाली.

रॉस बेटाची बोट जिथून सुटते त्या वॉटर स्पोर्ट्स संकुलात या लढाईचं स्मारक आहे. तिकिटाच्या रांगेतून ते दिसतं. मी गटाला तिथे थांबवते आणि ही हकिकत सांगते, कारण समोर दिसणाऱ्या जेलशी तिचा सरळ संबंध आहे. ज्या सत्तेने सावरकरांना १९११ ते १९२१ इथे कोलू ओढायला लावला, त्याच सत्तेशी या बेटांवर सगळ्यात आधी लढले ते इथले मूळ लोक. त्यांना नंतर 'अंदमान होम' नावाच्या निवाऱ्यांत आणून ठेवलं. १८७७ च्या गोवराने आणि इतर रोगांनी त्यांची वाताहत झाली. इंग्रज आले तेव्हा ते काही हजार होते, आज पन्नासच्या आसपास आहेत. त्यांच्यातल्या बो जमातीची भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये गेली. तिच्याबरोबर ती भाषा संपली.

संध्याकाळी सेल्युलर जेलमधला लाइट अँड साउंड शो बघताना आमच्या गटातल्या काकूंच्या डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी खरं असतं, मी शेजारी बसलेली असते. त्याच काकूंना दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून एका जमातीला काचेतून बघायला न्यायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

"आम्ही फोटो काढणार नाही, काच खाली करणार नाही, मग काय हरकत आहे?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. हरकत संख्येची आहे. एका गाडीने काही होत नसेल, पण सीझनमध्ये दिवसाला कितीतरी गाड्या जंगलातून जातात आणि तितक्याच परत येतात. ज्यांना शिकार करायची, मध गोळा करायचा, लेकराला घेऊन या कडेहून त्या कडेला जायचं, त्यांच्या घरातून ही रांग जाते. आपल्या अंगणातून रोज असे अनोळखी लोक काचेतून बघत गेले तर आपण किती दिवस सहन करू?

दुसरे म्हणतात, त्यांना मुख्य प्रवाहात आणायला नको का? यायचं की नाही, कधी, किती, हे त्यांनी ठरवायचं. १९९७ मध्ये ते बाहेर आले ते स्वतःच्या मर्जीने. सरकारचं २००४ चं जारवा धोरणही कमीत कमी हस्तक्षेप करा, असंच सांगतं. आणि पर्यटकाची गाडी कुणाला कुठल्याच प्रवाहात आणत नाही.

तिसरा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो पोटाचा आहे. बारातांगचे बोटवाले, गुहेच्या वाटेवर लिंबूपाणी विकणाऱ्या बायका, भात-मासळीच्या खानावळी. यातले कितीतरी जण रांचीकडून जंगलतोडीच्या कामावर आणलेल्या मजुरांची नातवंडं आहेत. त्यांचं काय? त्यांच्यासाठी पर्यटकांना समुद्रातून न्या. पोर्ट ब्लेअरहून उत्तरेकडे बोटी जाऊ शकतात, रंगत आणि डिगलीपूरला सरकारी जहाजं जातातच. पर्यटकांसाठी बारातांगची भरवशाची, रोजची, वेळेवर सुटणारी बोट प्रशासनाने द्यावी, मग माझ्या पत्रकात बारातांग पहिल्या पानावर छापीन. रंगत-मायाबंदरला राहणाऱ्या माणसाची बस, रुग्णवाहिका, भाजीचा ट्रक यांच्याबद्दल मी बोलत नाही. तो प्रश्न अवघड आहे, तो तिथल्या लोकांनी आणि सरकारने मिळून सोडवायचा आहे. आपल्याला मात्र त्या रस्त्याने जाण्याची काही गरज नसते.

शिवाय दिवसाचा हिशेब बघा. डिसेंबरात अंदमानला संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. बारातांगहून दमून परत येईपर्यंत दिवस संपत आलेला असतो. गाडीत सात-आठ तास आणि गुहेत जेमतेम अर्धा तास.

तो दिवस आम्ही वंडूरहून जॉली बॉयला देतो. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे छोटं बेट हिवाळ्याच्या सीझनमध्ये उघडं असतं. जेट्टीवर पिशव्या तपासतात, प्लास्टिकची बाटली काढून घेतात, अनामत घेऊन पाण्याची बाटली देतात. ती परत केली की पैसे परत. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दिसतं. पाण्याच्या तापमानामुळे काही ठिकाणी ते पांढरं पडलेलं आहे, तेही मी दाखवते. वाळूवरचा शंख किंवा प्रवाळाचा तुकडा खिशात टाकायचा नाही, हे बोट सुटायच्या आधीच सांगते. विमानतळावर बॅगेत सापडला तर पंचाईत होते.

इतिहासाची आवड असलेला गट असेल तर माउंट हॅरिएटला नेते. २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर आहे, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र आणि त्यांच्या साथीदारांना इथे आणून ठेवलं होतं. त्या डोंगराच्या पायथ्याशी, होपटाउनच्या धक्क्यावर, शेर अली आफ्रिदीने फेब्रुवारी १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारलं. वरून समुद्र इतका मोकळा दिसतो की माणसं चहा घेऊन तासभर हलत नाहीत.

बारातांग नाही म्हणून काही बुकिंगं दर वर्षी जातात. माणूस दोन पत्रकं शेजारी ठेवतो, एकात एक ठिकाण जास्त दिसतं, आणि तो तिकडे जातो. यावर मला एकच उपाय दिसतो, आणि तो माझ्या हातात नाही. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सामान घ्यायला उभं राहिलं तर आजूबाजूला सगळीकडे मराठी ऐकू येतं. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या टूरवाल्यांचं तिथल्या हॉटेलांवर, गाडीवाल्यांवर, अगदी प्रशासनावरही वजन आहे. आपण सगळ्यांनी मिळून पुढच्या सीझनच्या पत्रकातून ट्रंक रोडने जाणारं बारातांग काढलं, तर कुणाचंच गिऱ्हाईक कुणाकडे जाणार नाही. आणि समुद्रमार्गाची बोट सुरू करा, ही मागणी करायला आपल्याला तोंड राहील. मी आमच्या भागातल्या ओळखीच्या टूरवाल्यांशी बोलायला सुरुवात केली आहे. दोघे तयार आहेत. ज्यांनी यंदाच्या नाताळसाठी आधीच पैसे भरलेत, त्यांनी आपल्या टूरवाल्याला फोन करून विचारावं की आमची गाडी जिरकाटांगवरून जाणार आहे का, आणि जाणार असेल तर त्या दिवशी दुसरं काही द्या म्हणावं. असे पाच-दहा फोन आले की आमच्या धंद्यात पत्रक बदलायला वेळ लागत नाही.