पायथन २ ला आता जाऊ द्या!

परवा ऑफिसात पुन्हा तेच रडगाणं. सर्व्हरवर डेबियन १२ चढवलं आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारी रिपोर्टची स्क्रिप्ट आडवी झाली. कारण पायथन २ चं पॅकेजच गायब! "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतात हे लोक?" इति आमचे सीनियर.

खीळ? जरा तारखा बघा मंडळी. पायथन ३ आलं डिसेंबर २००८ मध्ये. २.७ ची मुदत आधी २०१५ पर्यंत होती. लोक हलेनात, म्हणून २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढवली. एप्रिल २०२० मध्ये शेवटचं २.७.१८ आलं आणि दुकान बंद. २०२१ च्या डेबियन ११ मध्ये ते उरलं होतं फक्त काही पॅकेजेस बिल्ड करण्यापुरतं, आणि सिक्युरिटी अपडेट मिळणार नाहीत हे रिलीज नोट्समध्ये साफ लिहिलं होतं. २०२३ मध्ये डेबियन १२ तून ते गेलं. जवळजवळ पंधरा वर्षं! एवढ्या वेळात पोरगं दहावीला येतं हो.

पॅकेज ठेवायचं म्हणजे नुसती फाईल ठेवायची नसते. भोक सापडलं की ते बुजवायला कोणीतरी लागतं. मूळ मंडळींनी हात धुतल्यावर ते काम पडणार डेबियनच्या स्वयंसेवकांवर. म्हणजे आपण फुकट घेतलेली वस्तू त्यांनी फुकट सांभाळायची, का तर आपल्याला दोन आठवडे काढायचे नाहीत!

मान्य, बदल त्रासदायक आहे. प्रिंटला कंस विसरलात तर निदान एरर तरी येते. पण ७ भागिले २ चं उत्तर पायथन २ मध्ये ३ आणि पायथन ३ मध्ये ३.५. एरर नाही, काही नाही, रिपोर्टमधले आकडे गुपचूप बदलतात. ही भीती खरी आहे. पण त्यावर औषध म्हणजे टेस्ट लिहिणं, जुनं गोंजारत बसणं नव्हे. आणि जिला एकही टेस्ट नाही ती स्क्रिप्ट 'बिनतक्रार' चालत होती हे कळलं कसं?

मराठी माणसाने तर पायथन २ साठी अजिबात गळा काढू नये. त्यात साध्या अवतरणात 'मराठी' लिहून लांबी विचारा. यूटीएफ-८ फाईल असेल तर उत्तर १५! ते बाइट मोजतं. पायथन ३ सांगतं ५ : म, र, काना, ठ, वेलांटी. ग्राहकाचं नाव देवनागरीत आलं की 'अ‍ॅस्की'च्या नावाने फुटणारी ती एरर ज्याने रात्री दोन वाजता पाहिलीय, त्याला वेगळं सांगायला नको :-)

आता कबुली. ती आडवी झालेली स्क्रिप्ट अस्मादिकांनीच लिहिलेली आहे, २०१३ मध्ये. पायथन ३ येऊन तेव्हा चार वर्षं उलटली होती. "नंतर बघू" म्हणालो होतो.

असो. सोमवारी बसतोय. आधी टेस्ट, मग बाकीचं.