जमीन निर्मळ असल्याचा दाखला

बँकेत असताना गहाण जमिनीचा सातबारा मी तपासत असे. तिच्या पोटात कोणते विष मुरले आहे, यासाठी मात्र रकानाच नव्हता.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २००९ मध्ये कायदा करून दूषित जागांच्या सफाईची देखरेख परवानाधारक तज्ज्ञांवर सोपवली. पदवी, आठ वर्षांचा अनुभव, परीक्षा अशा त्याच्या पायऱ्या. फी जागा दूषित करणाऱ्याकडूनच येते. तरी जनतेचे आरोग्य आधी, असे कायदा बजावतो.

भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला जाळला. तिथली माती आणि भूजल दूषितच राहिले. त्याच वर्षी केंद्राने दूषित जागांचे नियम काढले. कर्जदाराच्या फीवर मूल्यांकन कसे फुगते, हे बँकवाले जाणतात. म्हणून सही करणाऱ्याचा परवाना काढून घेण्याची धमक नसेल, तर दाखला कागदच ठरेल.