पर्यवेक्षकाच्या हाती दोन ठेवी

समाजकार्य केवळ पुस्तके वाचून येत नाही. १९३६ साली मुंबईत डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली भारतातील पहिली समाजकार्य-शाळा निघाली. पुढे १९४९ साली बडोद्यास व १९५१ साली इंदुरास अशा शाळा उघडल्या. या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी बहुधा आठवड्यातून दोन दिवस एखाद्या वस्तीत, रुग्णालयात वा बालगृहात जातात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या संस्थांतही ते येत असतील. म्हणून त्यांच्या पर्यवेक्षकांविषयी आज दोन शब्द लिहावेसे आम्हांस वाटतात.

पर्यवेक्षक म्हणजे हजेरी मांडणारा मुकादम नव्हे, आणि विद्यार्थी म्हणजे संस्थेस फुकट लाभलेला कारकून नव्हे. विद्यार्थ्याने प्रत्येक भेटीत काय पाहिले, काय ऐकले, स्वतः काय बोलला, हे सविस्तर लिहून आणावे. पर्यवेक्षकाने ते आधी वाचावे आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशी तासभर निवांत बोलावे, ही या कामाची जुनी रीत आहे. हा तास बुडाला की उरते ती नुसती पायपीट.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीने कळवळून एका मुलाची फी पदरची भरली. तिला रागावणे सोपे; शाबासकी देणे त्याहून सोपे. चांगला पर्यवेक्षक विचारतो, “फी का थकली? पुढल्या खेपेस ती कोण भरणार? पैसे घेताना त्या माउलीचा चेहरा कसा झाला?” उत्तरे शोधता शोधता दया आणि साहाय्य यांतील अंतर तिचे तिलाच उमगते.

परंतु खरी जोखीम निराळीच आहे. परीक्षा येते, विद्यार्थी निघून जातो. ते घर मात्र तेथेच राहते. ज्या बाईने आपले दुःख परक्या मुलीपाशी उघडे केले, तिला एके दिवशी कळते की ताई आता येणार नाहीत. तिच्या लेखी तो अभ्यासक्रम नव्हता. म्हणून आपण कोण, किती महिने येणार, हे विद्यार्थ्याने पहिल्याच भेटीत सांगावे. आणि हाती घेतलेले काम संस्थेच्या कार्यकर्त्याकडे नीट सोपविल्यावाचून पर्यवेक्षकाने त्यास निरोप देऊ नये.

पर्यवेक्षकाच्या हाती दोन ठेवी असतात : एक शिकणारे मन आणि दुसरी, विश्वासाने दार उघडणारे घर. पहिलीची परीक्षा विद्यापीठ घेते. दुसरीचा हिशेब मागणारे कोणी नसते. तो ज्याचा त्यानेच चोख ठेवावा.