ऑर्गन भंगारात काढण्यापूर्वी

आमच्या शहरातील एका जुन्या सभागृहाच्या रंगमंचामागे, पडद्यांच्या गुंडाळ्या आणि मोडक्या खुर्च्या यांच्या गर्दीत, एक पायपेटी उभी आहे. आमचे वडीलधारे तिला ‘ऑर्गन’ म्हणत. गेल्या वर्षी ‘जागा अडते’ या कारणास्तव ती भंगारात काढावी, असा प्रस्ताव तेथील व्यवस्थापनापुढे आला. मी विरोध करण्यास उभा राहिलो, तेव्हा एका विद्वान सदस्यांनी हसून विचारले, “परदेशी यंत्र ते! त्याचा एवढा पुळका कशासाठी?” प्रस्ताव तूर्त तहकूब आहे. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून तहकूब झालेला नाही. त्याचे उत्तर देणे मला भाग आहे.

प्रथमच सांगून टाकतो की, मी या विषयात तटस्थ नाही. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात महूच्या जुन्या बाजारात मला रेजिनाल्ड डिक्सन यांची एक तबकडी मिळाली. इंग्लंडातील ब्लॅकपूल टॉवरच्या नृत्यगृहात १९३० ते १९७० अशी चाळीस वर्षे ऑर्गन वाजवणारा हा वादक. त्या तबकडीपासून मला जो छंद जडला, तो आजतागायत सुटलेला नाही. शासकीय सेवेत बदल्या झाल्या, सामान कमी-अधिक झाले. तबकड्यांची पेटी मात्र प्रत्येक गावी सोबत राहिली. स्नेही मंडळींनी या छंदाची थट्टाच अधिक केली. त्यांचे आक्षेप तीन आहेत : वाद्य परकीय आहे, ते यंत्र आहे, म्हणजे नक्कल आहे, आणि त्याचे संगीत केवळ करमणुकीचे आहे. या तिन्ही आक्षेपांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप परकीयत्वाचा. पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली हार्मोनिअमचे पेटंट घेतले, हे खरेच आहे. परंतु १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः थोर हार्मोनिअमवादक होते, हेही तितकेच खरे. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत तिरखवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्या जोडीने ऑर्गन वाजत असे. भाता पायांनी चालत असल्याने वादकाचे दोन्ही हात मोकळे राहत, सूर अखंड मिळे, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या थिएटरात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. शंभर वर्षे आपल्या रंगभूमीची सेवा केलेल्या वाद्याला परकीय ठरवायचे, तर तीन-चार पिढ्यांपूर्वी माळव्यात, बडोद्यात वा ग्वाल्हेरीत येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांना काय म्हणायचे? माणूस जेथे राबतो, तेथला होतो. वाद्याचेही तसेच आहे.

हार्मोनिअमवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती १९७१ साली अंशतः उठवली. या वाद्याविरुद्ध लेखणी चालवणाऱ्यांत जॉन फाउल्ड्स हे इंग्रज संगीतकारही होते, हे आपल्या स्वदेशाभिमान्यांनी ध्यानात घ्यावे. या वाद्यातून मींड निघत नाही आणि त्याचे स्वर बांधीव आहेत, हा त्यामागील तर्क मला मान्य आहे. ख्यालाच्या सूक्ष्म श्रुतींपुढे पेटी उणी पडते. पण एका कामी उणे पडणारे वाद्य प्रत्येक कामी त्याज्य, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप नकलेचा. थिएटर ऑर्गनचा जन्म मूकपटांच्या काळातला. रॉबर्ट होप-जोन्स हे इंग्लंडातील टेलिफोन अभियंते. त्यांनी पट्ट्या आणि नळ्या यांचा संबंध विजेच्या तारांनी जोडला आणि नळ्यांच्या एकाच रांगेतून अनेक सप्तकांचे काम घेण्याची युक्ती योजली. १९१० साली ते अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीत दाखल झाले. एका माणसाने पडद्याखाली बसून संपूर्ण वाद्यवृंदाचे काम करावे, हा त्यामागील हेतू. बासरीसारखे सूर, घंटा, ढोल, इतकेच नव्हे तर घोड्यांच्या टापा आणि पक्ष्यांची शीळसुद्धा! म्हणजे नकलेपासून आरंभ झाला, हे निर्विवाद. परंतु हवेच्या दाबाला हेलकावे देऊन निर्माण होणारा तो थरथरता, भरदार आवाज कोणत्याही वाद्यवृंदात ऐकू येत नाही. तो केवळ त्या वाद्याचाच.

इलेक्ट्रॉनिक ऑर्गनची कथाही अशीच. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली जे वाद्य बाजारात आणले, त्यात नळी नव्हती. त्यात फिरणारी दातेरी चाके होती. नळ्यांच्या ऑर्गनला स्वस्त पर्याय, एवढीच त्याची ओळख. जाहिरातीतील दाव्यांवरून कंपनीला अमेरिकी व्यापार आयोगापुढे जावे लागले. शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात दोन्ही वाद्ये आडून वाजवून श्रोत्यांची परीक्षा घेण्यात आली, आणि जाणकारांनाही प्रत्येक वेळी फरक सांगता आला नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. पट्टी दाबताच येणारा ‘टक्’ असा आवाज आरंभी दोष मानला गेला होता. जिमी स्मिथसारख्या जॅझवादकांच्या हाती तोच दोष त्या वाद्याचे लक्षण ठरला. नक्कल म्हणून जन्मलेली वस्तू अशी अस्सल होते.

आणि यंत्राचा तिटकारा आपल्याला शोभतो तरी का? १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटातील बीन ऐकून सारा देश डोलला. ती बीन नव्हतीच. कल्याणजींनी वाजवलेला क्लॅव्हिओलाइन आणि रवी यांची हार्मोनिअम होती ती. आज आपल्या किती बैठकींत खरा तंबोरा जुळवला जातो आणि किती बैठकींत विजेच्या तंबोऱ्याचे बटण दाबले जाते, हे आक्षेपकांनी आपल्या मनालाच विचारावे.

तिसरा आक्षेप करमणुकीचा. त्याचे उत्तर इतिहासानेच दिले आहे. १९२७ पासून बोलपट आले आणि सिनेमागृहांतील वादकांची गरज संपत गेली. कित्येक ऑर्गन मोडून विकले गेले. उरलेल्यांपैकी बरेच वाचले, ते हौशी माणसांमुळे. १९५५ साली अमेरिकेत अशा शौकिनांनी आपली संघटना उभारली. कोणी घरात नळ्या बसवल्या, कोणी सुट्टीच्या दिवशी सिनेमागृहात जाऊन फाटलेली कातडी बदलली. ज्याला ‘केवळ करमणूक’ म्हणून हिणवले, त्यासाठी माणसांनी आपले आयुष्य आणि पदरचा पैसा वेचला. ब्लॅकपूलचा वुर्लिट्झर आजही वाजतो, तो अशाच लोकांच्या प्रेमामुळे. आनंद देणे हा संगीताचा गौण हेतू असेल, तर प्रधान हेतू कोणता, हे मला कोणी समजावून सांगावे.

आता पुन्हा आपल्या पायपेटीकडे वळतो. मी तिची पाहणी केली आहे. भात्याचे कापड विरले आहे आणि पायट्यांचे पट्टे तुटले आहेत. रीड मात्र पितळेचे असून बहुतांश शाबूत आहेत. कोकणात आजही नवे ऑर्गन घडवणारे कारागीर आहेत. तेव्हा दुरुस्ती अशक्य नाही. एका वार्षिक स्नेहभोजनाच्या खर्चात ती व्हावी, असा माझा अंदाज आहे आणि माझा वाटा मी आधीच देऊ केला आहे.

आपण दरवर्षी नाट्यगीतांचा कार्यक्रम करतो. परप्रांतात मराठी टिकवल्याचा अभिमान बाळगतो. ज्या सुरावर ती पदे उभी राहिली, तो सूर आपल्याच रंगमंचामागे उंदरांच्या स्वाधीन करून समोर त्याच पदांना टाळ्या वाजवायच्या, ही विसंगती आपल्याला दिसू नये याचे दुःख वाटते. येत्या बैठकीत तो प्रस्ताव पुन्हा येईल. हात वर करण्यापूर्वी सदस्यांनी एकदा मागे जाऊन त्या पेटीची एक पट्टी दाबून पाहावी, दुसऱ्या कोणाकडून भाता चालवून घ्यावा, आणि मगच मत द्यावे, एवढीच विनंती.