आधी कारण, मग तेल

मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाने अडविलेल्या बाजी पासलकर जलाशयाच्या काठी, दासवे आणि मुगाव या मुळशी तालुक्यातील जुन्या गावांच्या शिवारात लवासा नगराची उभारणी सुरू झाली, त्यास आता दोन दशके लोटली. आणि त्या नगराच्या परवान्यांविषयी व वादांविषयी पुष्कळ लिहून झालेले असल्यामुळे ते दप्तर येथे पुन्हा उघडण्याचा माझा हेतू नाही. मला लिहावयाचे आहे ते तेथे शेजारी शेजारी वावरणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांच्या एकाच तक्रारीविषयी. पुण्या-मुंबईहून येऊन सदनिकेत बिऱ्हाड केलेली गृहिणी म्हणते, की डोंगरातले पाणी मानवले नाही म्हणून केस गळू लागले. आणि आसपासच्या वाडीवरून तिच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई म्हणते, की अंगात उष्णता वाढली म्हणून केस गळू लागले. पहिलीच्या न्हाणीघरात महागड्या बाटल्यांची रांग लागते, दुसरी बाजारातून जडीबुटीच्या तेलाची शिशी आणते, आणि पदरचा पैसा खर्च होईपर्यंत दोघींपैकी एकीलाही कोणी विचारीत नाही, की गेल्या तीन-चार महिन्यांत तुला काय झाले होते, तू काय खातेस, आणि तुझ्या रक्तात लोह किती आहे. केसगळती हे लक्षण आहे. त्याचे कारण शोधण्याआधी केलेला उपाय, मग तो झाडपाल्याचा असो की प्रयोगशाळेतला, बहुधा वाया जातो, आणि कधी कधी खरा आजार झाकून ठेवतो, एवढेच मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांतील बहुतेक एका वेळी वाढीच्या अवस्थेत असून ती अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते, त्यानंतर काही आठवड्यांचा संक्रमणकाल येतो, आणि मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन तो केस गळतो व त्याच मुळातून नवा उगवतो. म्हणून दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस फणीत येणे हा देहाचा नित्याचा शिरस्ता आहे आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु देहाचा कारभार एखाद्या जुन्या संस्थानासारखा चालतो: खजिन्यात तूट आली की हृदय, मेंदू आणि यकृत यांची तैनात अबाधित राखून प्रथम ज्यांची तैनात बंद होते, त्यांत केस अग्रभागी असतात. मोठा ताप, शस्त्रक्रिया, प्रसूती, झपाट्याने घटविलेले वजन, दीर्घकाळची चिंता, यांपैकी काहीही घडले म्हणजे वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीस जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात.

या दोन-तीन महिन्यांच्या अंतरातच आपल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे. श्रावणात डेंग्यू वा विषमज्वर येऊन गेलेला असतो, त्याची आठवण बुजत आलेली असते, आणि केस गळू लागतात ते दिवाळीच्या सुमारास. मग दोष येतो नुकत्याच बदललेल्या साबणावर किंवा बदललेल्या गावाच्या पाण्यावर. वस्तुतः मुळशीच्या मुसळधार पावसाने भरणाऱ्या जलाशयांचे पाणी मृदू असते. पुण्याच्या विस्तारलेल्या उपनगरांत कूपनलिकांचे व टँकरचे जे क्षारयुक्त पाणी येते, त्याने केस राठ होतात आणि मधूनच तुटतात हे खरे, परंतु त्यांची मुळे त्याने मरत नाहीत. तुटलेला केस आणि मुळापासून गळलेला केस यांत भेद आहे, आणि तो फणीतला केस उजेडात धरून कोणासही पाहता येतो: मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीकशी पांढरी गाठ असते. तापानंतरची किंवा बाळंतपणानंतरची गळती बहुधा सहा-आठ महिन्यांत आपोआप थांबते. तिच्या थांबण्याचे श्रेय त्या काळात लावलेल्या तेलाला मिळते, आणि त्या तेलाची कीर्ती जावांपासून नणंदांपर्यंत पोहोचते.

कारण न शोधता उपायाकडे धावण्याचा परिणाम काय होतो, याचा सर्वांत मोठा दाखला अलीकडे आपल्याच महाराष्ट्राने पाहिला आहे. 2024 च्या डिसेंबरात व 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचेही केस अवघ्या काही दिवसांत मुठीमुठीने हाती येऊ लागले. आधी डोके खाजे, मग केस राठ होत, आणि आठवड्याच्या आत टक्कल पडे. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी त्या खारपाणपट्ट्यातील पाण्याला, ज्याच्या तपासणीत नायट्रेटचे व क्षारांचे प्रमाण अधिक आढळले होतेच. अनेकांनी लाजेने मुंडण करून घेतले, परगावी जाणे टाळले, आणि गावातल्या मुलामुलींची लग्ने जुळणे अवघड झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांनी कोकणात विंचूदंशाच्या उपचारावर मूलगामी संशोधन केले, त्यांनी स्वतः त्या गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि धान्य यांची तपासणी करून घेतली.

त्यांच्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण अनुक्रमे 35, 60 आणि 150 पटींनी वाढलेले होते, जस्ताचे प्रमाण घटलेले होते, आणि या सेलेनियमचा उगम स्वस्त धान्य दुकानांतून मिळालेल्या, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हात होता. न धुतलेल्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम आणि धुतलेल्यात 13.61 मिलिग्रॅम सेलेनियम आढळले, म्हणजे गृहिणीने कितीही निगुतीने गहू धुतला असता तरी फारसा फरक पडला नसता. प्रौढ मनुष्यास सेलेनियम लागते ते दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम, आणि त्याची सुरक्षित कमाल मर्यादा धरली जाते 400 मायक्रोग्रॅम. अशा गव्हाच्या तीनशे ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात त्या मर्यादेच्या दसपटीहून अधिक सेलेनियम जाते. शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या पंजाबातील होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत हे कृषिशास्त्रज्ञांस पूर्वीपासून ठाऊक होते, आणि चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी येथे 1960 च्या दशकाच्या आरंभी अशाच विषबाधेने माणसांचे केस व नखे गळून पडल्याची नोंद आहे. शेगावच्या गावांतही काही महिन्यांनी, 2025 च्या एप्रिलात, नखे गळण्याच्या तक्रारी आल्या.

आता विचार करावा, की त्या गावांतील एखाद्या मातेने आपल्या मुलाच्या डोक्यास उत्तमोत्तम माक्याचे तेल चोळले असते, कांद्याचा रस लावला असता, आणि त्याच हाताने त्याला त्याच गव्हाची पोळी वाढली असती, तर काय साधले असते? ज्या सेलेनियमवाचून देहाचे चालत नाही, त्याचाच अतिरेक केसांचा घात करतो. अ जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. म्हणून केसांसाठी गोळ्या घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की ज्याची उणीव नाही ते अधिक घेतल्याने केस अधिक उगवत नाहीत. आणि बायोटिनच्या ज्या गोळ्या हल्ली सर्रास खाल्ल्या जातात, त्या थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे मात्र चुकवू शकतात.

बुलढाण्यात अतिरेकाने जे केले, ते महाराष्ट्राच्या घरोघरी उणीव करीत असते, आणि त्या उणिवेची बातमी होत नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील 15 ते 49 या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. लोहाची गंगाजळी आटत चालली म्हणजे दम लागणे, थकवा येणे ही लक्षणे स्त्री कामाच्या रगाड्यात सोसून नेते; वेणी बारीक झालेली मात्र तिला आरशात दिसते. अशा वेळी खरा उपाय ताटात आहे: डाळी, उसळी, हिरव्या पालेभाज्या, जे खातात त्यांना अंडी, मासळी व मटण, जेवणात लिंबू किंवा आवळा, कारण क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते, आणि जेवणाबरोबर चहा नको, कारण तो लोह शोषू देत नाही. बाळंतिणीस हळिवाचे लाडू देण्याची आपली जुनी रीत याच दृष्टीने शहाणपणाची होती. केस हे प्रथिनांचे बनलेले असतात, तेव्हा उपासतापास करून किंवा वजन घटविण्याच्या हट्टापायी दोन घासांवर दिवस काढून वर डोक्याला मालिश करणे निष्फळ होय. मात्र रक्तक्षय मोठा असेल तर केवळ पालेभाजीवर विसंबू नये; हिमोग्लोबिन व लोहाचा साठा दाखविणारे फेरिटिन तपासून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, आणि पाळीच्या अतिस्रावासारखे रक्तक्षयाचे मूळ कारणही दूर करावे.

सर्वच गळती पोषणाची नसते. कपाळाच्या दोन बाजूंनी व टाळूवर विरळ होत जाणारे पुरुषांचे केस, आणि भांगाच्या रेषेपाशी विरळ होणारे अनेक स्त्रियांचे केस, हे आनुवंशिकतेचे व संप्रेरकांचे कार्य असते. त्यास कोणतेही तेल थोपवीत नाही, आणि ज्यांना उपचार हवा त्यांच्यासाठी मिनॉक्सिडिलसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने उपलब्ध आहेत. डोक्यावर नाण्याएवढी गोल चाई पडते, ती देहाची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटल्यामुळे, आणि पुष्कळदा ती आपोआप भरूनही येते. थायरॉइडचा विकार, बीजांडकोशातील गाठींचा विकार, लहान मुलांच्या डोक्यातील बुरशी, रोज घट्ट ओढून घातलेला अंबाडा, ही आणखी काही कारणे; आणि यांतील प्रत्येकाचा उपाय वेगळा.

मग सह्याद्रीने आपल्या पदरात घातलेल्या वनस्पतींचे काय? मुळशीच्या भातखाचरांच्या बांधांवर उगवणारा माका, परसातली जास्वंद, जंगलातील झाडाझुडपांवर चढणारी शिकेकाई, रिठा, आवळा, यांच्याविषयी मला खरा आदर आहे. म्हणूनच त्यांच्यावर त्यांच्या शक्तीबाहेरचा भार टाकू नये असे वाटते. शिकेकाई व रिठा यांतील फेसाळ द्रव्ये मळ काढतात. केस उगविणे हे त्यांचे काम नव्हे. खोबरेल केसाच्या दांड्यात मुरून धुण्याने होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईतील संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केले. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हे लक्षात ठेवूनही त्यांचे प्रयोग ग्राह्य वाटतात, परंतु ते प्रयोग असलेला केस राखण्याविषयी आहेत, गेलेला परत आणण्याविषयी नाहीत. आयुर्वेदानेसुद्धा खालित्य म्हणजे टक्कल व इंद्रलुप्त म्हणजे चाई असे भेद करून, दोष आणि आहारविहार पाहून चिकित्सा सांगितली आहे. सर्वांच्या डोक्यावर एकच तेल ओतण्याचा प्रघात त्या शास्त्राचा नाही. आठवड्यातून एक-दोनदा हलक्या हाताने खोबरेल लावावे, कोंडा फार असल्यास डोक्यात तेल मुरवत ठेवू नये, ओले केस जोराने विंचरू नयेत, वेणी सैल घालावी, पुरेशी झोप घ्यावी. एवढे केल्याने अपाय नाही आणि हित निश्चित आहे.

कायद्याचाही या बाबतीत स्पष्ट हुकूम आहे, आणि तो बहुतेकांस ठाऊक नाही. औषधे व प्रसाधने नियम, 1945 यांच्या अनुसूची 'जे'मध्ये, जे विकार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये अशा विकारांच्या यादीत, टक्कल आणि नवे केस उगवणे यांचा समावेश आहे. तरीही भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, बसथांब्यावर आणि जत्रेच्या तंबूत हाच दावा दिवसाढवळ्या विकला जातो, आणि तो विकत घेणाऱ्यांत सर्वाधिक असतात त्या स्त्रिया, ज्यांच्या केसांवरून त्यांच्या रूपाचे, आरोग्याचे आणि लग्नाच्या बाजारातील किमतीचे मोजमाप करण्याची आपल्या समाजाची खोड अद्याप गेलेली नाही. या भीतीवर जो धंदा चालतो, त्यास अन्न व औषध प्रशासनाने वेसण घातली पाहिजे.

शासनाकडे आणखी दोन मागण्या आहेत. पहिली ही, की स्वस्त धान्य दुकानांत येणाऱ्या धान्याची सेलेनियम व जड धातूंसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा. शेगावच्या ग्रामस्थांस आपल्या अन्नात काय होते हे जाणण्याचा जो हक्क आहे, तोच शिधापत्रिका बाळगणाऱ्या प्रत्येकाचा आहे. दुसरी ही, की मुळशी तालुक्यातील पौडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वाडीवरच्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत, केस गळतात म्हणून आलेल्या बाईची तक्रार नटण्यामुरडण्याची समजून परतवून न लावता तिचे हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासले जावे. आणि वाचकांस विनंती ही, की फणीत केस अधिक दिसू लागताच दुकानाकडे वळण्यापूर्वी कागद घेऊन मागील चार महिन्यांचा तपशील लिहून काढावा: ताप, बाळंतपण, औषधे, आहार, पाळी, झोप. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. गळती तात्पुरती ठरली तर पैसा व चिंता दोन्ही वाचतील. रक्तक्षय किंवा थायरॉइड निघाला तर केसांच्या निमित्ताने अवघ्या देहाची दखल घेतली जाईल. आणि एकाच गावातील अनेक घरांतून असे कागद आले, तर पुढची बुलढाण्यासारखी आपत्ती टक्कल पडण्यापूर्वीच ओळखता येईल.