‘स्वयंपाकघर’ या शब्दाचा बोध

जे शब्द आपण दिवसांतून दहा वेळां उच्चारतों, त्यांच्या अर्थाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. ‘स्वयंपाकघर’ हा असाच एक शब्द होय. ‘स्वयं’ म्हणजे स्वतः व ‘पाक’ म्हणजे शिजविणें. तेव्हां आपलें अन्न आपल्या हातानें शिजविणें तो स्वयंपाक, आणि तें जेथें शिजतें तें स्वयंपाकघर.

याच जागेस इतर नांवेंही आहेत. संस्कृतांत तिला ‘महानस’ म्हणत. धुरावरून अग्नीचें अनुमान शिकवितांना नैयायिक दाखला देत तो महानसाचाच. हिंदींतील ‘रसोई’ ही ‘रसवती’पासून आली. मराठेशाहींतील ‘मुदपाकखाना’ अरबी ‘मत्बख’ व फारसी ‘खाना’ यांच्या मिलाफानें झाला. मराठी जिभेनें ‘बख’चा ‘पाक’ करून तो आपलासा केला. गोव्याकडे ‘रांदचीकूड’ म्हणतात. हल्लीं घरोघर ऐकूं येणारा ‘किचन’ हा शब्द मुळांत लॅटिन ‘कोक्विना’. त्याचा धातु व आपला ‘पच्’ हे एकाच प्राचीन मुळाचे फुटवे आहेत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून ‘किचन’वर परका म्हणून रागावण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. ‘पाक’ त्यांतही आहे. नाहीं तो ‘स्वयं’. अन्न कोणीं शिजवावें हें सांगणारा शब्द यांत आपला एकच.

हा ‘स्वयं’ आला कोठून? त्याच्या मागें सोंवळ्याची कल्पना आहे. दुसऱ्याच्या हातचें अन्न खाल्ल्यानें विटाळ होतो, या समजुतीनें प्रवासांतही लोक आपली वेगळी चूल मांडीत. ही भिंत पाडण्याचे यत्न महाराष्ट्रांत झाले आहेत. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्या पुढाकारानें इ. स. १८४९ च्या सुमारास मुंबईंत परमहंस मंडळी स्थापन झाली. तींत प्रवेश करणारास ख्रिस्ती मनुष्याच्या हातचा पाव खावा लागे. शब्दांचा अर्थ जाणणाऱ्या पंडितानेंच या ‘स्वयं’चा उंबरठा ओलांडावा, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें.

भिंत तर पडलीच पाहिजे; पण ‘स्वयं’मधील श्रमाचें काय? शब्दशः पाहतां ‘स्वयंपाकी’ म्हणजे स्वतःपुरतें रांधणारा. व्यवहारांत मात्र तो दुसऱ्यांसाठीं रांधतो. पुष्कळ घरांत आई व बहीण चुलीपाशीं राबतात आणि मुलगे ताटावर येऊन बसतात. त्या घरांत पाक आहे, स्वयं नाहीं.

आमच्या भिवंडींत तर या शब्दाचा विचार डोळ्यांसमोर उभा आहे. घरदार दूर ठेवून यंत्रमागांवर राबणारे हजारों कामगार येथें भिशींत जेवतात. इ. स. २०२० च्या टाळेबंदींत माग थांबले व भिश्याही बंद पडल्या. तेव्हां ज्यांच्या खोलींत चूल मांडण्यास जागाच नव्हती त्यांची अन्नावांचून आबाळ झाली. ज्याच्या घरीं स्वयंपाकघर आहे तो त्या मानानें संपन्न आहे, हें आपण विसरूं नये. आणि अन्न शिजविणारा हात कोणाचाही असो, तो आदरास पात्र आहे.

तात्पर्य, शब्द टाकण्याचें कारण नाहीं. त्यांतील अर्थ निवडून घ्यावा. दुसऱ्यास दूर ठेवणारा ‘स्वयं’ सोडावा व स्वतः हात लावणारा ‘स्वयं’ धरावा. आमच्या विद्यार्थिबंधूंनीं या सुटींत निदान वरणभात करावयास शिकावें, आणि प्रथम आईचें पान वाढावें. तसें झाल्यास हा शब्द त्यांच्या मुखीं शोभेल.