दुकान तुमचं, पाटी तुमची, मग प्लगइनची जबाबदारी कोणाची?

मित्रांनो, आज राजकारण नाही. पण विषय आपल्या गल्ल्याशी जोडलेला आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

शहागंज, सिटी चौक, गुलमंडी या पट्ट्यातल्या कितीतरी दुकानांच्या, क्लासेसच्या, लोकल न्यूज पोर्टलच्या वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. मालकाला हे नाव माहीत नसतं, साइट बनवून देणाऱ्या पोराला माहीत असतं. वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोड सगळ्यांना खुला, लायसन्सचा खर्च शून्य. जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चार तरी त्यावर आहेत.

पण नुसत्या वर्डप्रेसवर दुकान उभं राहत नाही. यूपीआयनं पैसे घ्यायचे, ऑर्डरचा फॉर्म ठेवायचा, बॅकअप काढायचा, तर प्रत्येक गोष्टीला वेगळं प्लगइन लागतं. ही प्लगइनं वर्डप्रेसवाले लिहीत नाहीत. कोणी कंपनी लिहिते, कोणी एकटा माणूस नोकरी सांभाळून रात्री लिहितो. उद्या त्याचं लग्न झालं, नोकरी बदलली किंवा कंटाळा आला, की प्लगइन तिथंच थांबतं. इकडं वर्डप्रेसचा अपडेट येतो आणि ऐन रमजानच्या गर्दीत पेमेंटचं बटण बंद पडतं. मालक पोराला शिव्या देतो. पोरगं म्हणतं, 'सेठ, प्लगइनचा प्रॉब्लेम आहे.' मग पुढं काय? कोणाकडं जायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या मोजक्या प्लगइनांवर लाखो लोकांचा धंदा उभा आहे, ती प्रकल्पानं स्वतः, अधिकृतपणे सांभाळली पाहिजेत.

यावर जाणकारांची उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, 'हे स्वयंसेवकांचं काम आहे, फुकट घेता आणि वर हक्क सांगता?' एकट्या स्वयंसेवकाला हे उत्तर शोभतं, आणि मी त्याच्याकडं काही मागतही नाही. पण वर्डप्रेसच्या भोवती मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत, त्यांचा धंदा कोट्यवधींचा आहे. आणि प्लगइनची यादी कुठं दिसते? वर्डप्रेसच्या आतच, त्यांच्याच नावाखाली, 'इन्स्टॉल करा' या बटणासकट. आपल्या बाजारात कोणी असं म्हणून बघावं, की गाळा माझा, पाटी माझी, पण माल खराब निघाला तर शेजाऱ्याला विचारा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढेल का?

दुसरं उत्तर, 'प्लगइनं साठ हजारांच्या आसपास आहेत, सगळी कशी सांभाळणार?' सगळी कोण सांभाळा म्हणतंय? ज्यांच्यावाचून लाखो साइट अडतील, अशी निवडा. शंभरसुद्धा भरणार नाहीत.

लक्ष दिलं नाही तर काय होतं तेही ऐका. 'डिस्प्ले विजेट्स' नावाचं एक साधं प्लगइन होतं. सुमारे दोन लाख साइटवर बसवलेलं. २०१७ मध्ये मूळ लेखकांनी ते विकून टाकलं. नव्या मालकानं अपडेटमधून चोरदरवाजा घुसवला आणि लोकांच्या साइटवर परस्पर स्पॅम मजकूर टाकायला सुरुवात केली. यादीतून काढलं, परत आलं, असं अनेकदा झालं, तेव्हा कुठं सप्टेंबरमध्ये ते कायमचं हटवलं. साइटच्या मालकांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी अपडेट केलं. म्हणजे ज्यांनी नियम पाळला तेच फसले.

'हे जमणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं देतो. एक वर्डप्रेसचंच. डिसेंबर २०१८ मध्ये नवा एडिटर आला तेव्हा लोक वैतागले. मग जुना एडिटर 'क्लासिक एडिटर' या अधिकृत प्लगइनमधून मिळू लागला. आधी २०२१ पर्यंत सांभाळू म्हणाले, नंतर मुदत वाढवत नेली. म्हणजे मनावर घेतलं की जमतं.

दुसरं आपल्या मराठीचं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. पण देवनागरीत टाइप कसं करायचं, इथंच अनेकांची गाडी अडायची. वेगवेगळ्या भाषांचे स्वयंसेवक आपापल्या विकीवर आपापली जुगाडं बसवायचे. मग एका मल्याळी स्वयंसेवकानं लिहिलेलं 'नारायम' हे एक्स्टेंशन विकिमीडियानं २०११ च्या सुमारास आपल्या विकींवर अधिकृतपणे बसवलं. २०१३ मध्ये ते काम 'युनिव्हर्सल लँग्वेज सिलेक्टर'कडं गेलं, तेही विकिमीडियाचंच. आज मराठी विकीवर कोणीही वेगळं काही न बसवता रोमन कळफलकावरून मराठी लिहू शकतो. ते जुगाड एकेकट्यांच्या भरवशावर सोडलं असतं, तर नवं व्हर्जन आलं की मराठीच बंद पडली असती.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण सांभाळणं वेगळं आणि बळकावणं वेगळं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्डप्रेसनं 'अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे वीस लाखांहून जास्त साइटवरचं प्लगइन मूळ कंपनीच्या संमतीशिवाय ताब्यात घेतलं आणि नाव बदलून चालवायला लागले. कारण सुरक्षेचं दिलं, पण त्याच कंपनीशी तेव्हा उघड भांडण चालू होतं. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ते परत द्यावं लागलं. लेखक जिवंत आहे, काम करतोय, आणि त्याचं घर दुसऱ्यानं आपल्या नावावर केलं, याला मी सांभाळणं म्हणत नाही.

म्हणून मागणीसोबत अटीही हव्यात. लेखकाची संमती घ्या. तो बराच काळ गायबच असेल तर सगळ्यांना कळवून, मुदत देऊन मगच हात घाला. त्याचं नाव कायम ठेवा. त्याच्या कामाचे पैसे द्या. प्लगइन विकलं गेलं, तर ज्यांच्या साइटवर ते आहे त्यांना अपडेटच्या आधी तसं ठळक दिसू द्या. आणि जे सांभाळणार नसाल, त्यावर स्पष्ट लिहा की हा बाहेरचा माल आहे, जबाबदारी आमची नाही. निदान दुकानदाराला कळेल तरी तो कशावर पैसे लावतोय.

थोडं आपल्यालाही बोलतो. साइट बनवून देणाऱ्या भावांनो, तीस-तीस प्लगइनं ठोकून पैसे घेऊन मोकळे होऊ नका. कोणतं प्लगइन कोणाचं, शेवटचा अपडेट कधीचा, एवढी यादी मालकाच्या हातात द्या. शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनीही दरवर्षी तीच 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' बनवण्यापेक्षा, मुलांना बंद पडत आलेलं एखादं प्लगइन दुरुस्त करायला दिलं तर मुलांचं नाव होईल आणि बाजाराचं काम.

आपल्या शहागंजातला घड्याळाचा टॉवर बघा. तो बांधला निजामाच्या काळात, पण काटे फिरत ठेवायला प्रत्येक काळात कोणीतरी जबाबदार माणूस लागतोच. सॉफ्टवेअरचंही तेच आहे. बांधणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, आता किल्ली देणारा कोण ते ठरवा. आणि तो फुकट राबेल ही अपेक्षा सोडा.

पटलं तर आपल्या साइटवाल्याला पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर भांडा, मी इथंच आहे.